वाचनालयातील खेळ : एका न खेळणारीचे मत

सुरुवातीलाच एक कबुली दिलेली बरी. मला व्हिडिओ गेम खेळता येत नाहीत. मोबाईलवर गोळ्या झाडण्याचा, मोटारी पळविण्याचा किंवा रंगीत गोट्या फोडण्याचा एकही खेळ मी आजवर पाच मिनिटांच्या वर खेळलेले नाही. तरीही ह्या विषयावर लिहावयास बसले आहे, ह्याचे पुष्कळांना नवल वाटेल. ज्या गावाला जायचे नाही त्या गावची वाट विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ह्या गावाची वाट माझ्या घरावरूनच गेली, त्यामुळे ती विचारणे मला भाग पडले. तो प्रसंग पुढे सांगणारच आहे. आधी विषय काय आहे ते पाहू.

अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने १५ नोव्हेंबर २००८ रोजी ग्रंथालयांतून 'खेळ दिवस' साजरा केला आणि पुढे ही प्रथा इतर देशांतही गेली. तेथील कित्येक सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकाप्रमाणे व्हिडिओ गेमही घरी नेण्यास मिळतात. वाचनालयातच बसून मुले तो खेळतात आणि ग्रंथपाल त्यांना हाकलून देत नाहीत. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. वाचनालय म्हणजे वाचनाचे आलय, म्हणजे घर. तेथे खेळाचे काय काम? 'वाचाल तर वाचाल' हे वाक्य तर आपल्याकडे प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर असते. 'खेळाल तर वाचाल' असे कोणी लिहिल्याचे आपण पाहिले आहे काय?

पण हसून प्रश्न सुटत नाही. व्हिडिओ गेम म्हणजे नेमके काय, हेच आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. बाहेरून पाहणाऱ्याला चित्रे हलताना दिसतात, म्हणून तो त्यास सिनेमाचा धाकटा भाऊ समजतो. परंतु सिनेमा आपण पाहिला काय आणि न पाहिला काय, त्याचा शेवट बदलत नाही. खेळात मात्र खेळणाऱ्याने बोट हलविले की यंत्र त्याची नोंद घेते, ठरलेल्या नियमांप्रमाणे गणित करते आणि नवे चित्र पडद्यावर काढते. हे एका सेकंदात तीस किंवा साठ वेळा घडते, त्यामुळे ते आपणांस अखंड वाटते. म्हणजे चित्रांच्या पाठीमागे खरी वस्तू आहे ती नियमांची. 'टेट्रिस' नावाचा प्रसिद्ध खेळ घ्या. अलेक्सी पाजित्नोव्ह ह्या मॉस्कोतील संगणकतज्ज्ञाने तो १९८४ मध्ये तयार केला. त्यात चार-चार चौकोनांच्या सात आकृती असतात. त्या वरून एकेक पडतात, त्या फिरवून अशा बसवावयाच्या की आडवी ओळ पूर्ण भरावी. भरली की ती नाहीशी होते. ह्यात कथा नाही, मारामारी नाही. गोदामात पोती रचणाऱ्या हमालाला जे कसब लागते तेच येथे लागते.

ह्या खेळांचा इतिहासही आपण समजतो तितका कालचा नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम ह्या भौतिकशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून, ऑसिलोस्कोपच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ बनविला. १९७२ मध्ये 'पाँग' हा नाणे टाकून खेळण्याचा खेळ बाजारात आला आणि त्याचा धंदा झाला. पुढे चाळीस वर्षांनी, २०१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यांत टेट्रिसही होता. जेथे मोठमोठ्या चित्रकारांची चित्रे टांगतात तेथे खेळाला जागा मिळाली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे परदेशातले कौतुक. आपल्या डोंगरकड्याला त्याचे काय? म्हणून घरातलीच गोष्ट सांगते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या आणि माझा धाकटा भाऊ अण्णांच्या मोबाईलवर 'लुडो किंग' खेळत बसे. एके दिवशी आमच्या आजीने वाकून पाहिले आणि म्हणाली, "हा तर आपला पटच की रे!" आजीला अक्षरओळख नाही. पण तिने चिंचोके फोडून, त्यांचे पांढरे अंग वर किती पडले ते मोजून, तरुणपणी कितीतरी पट खेळले होते. तिचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. कवड्या टाकून खेळण्याचा आपला पचीसीचा खेळ इंग्रजांनी आपल्या देशी नेला, कवड्यांच्या जागी एक फासा आणला आणि १८९६ मध्ये इंग्लंडात 'लुडो' ह्या नावाने त्याचे पेटंट घेतले. तोच खेळ पुढे पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत आला. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीने तो मोबाईलवर आणला आणि टाळेबंदीत घरोघर पोहोचला. आजीच्या ओसरीवरून निघालेला पट लंडनला वळसा घालून पुन्हा आमच्याच ओसरीवर आला.

सापशिडीची कथा ह्याहून उद्बोधक आहे. तिचे जुने रूप ज्ञानचौपड किंवा मोक्षपट. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचे घर म्हणजे मोक्ष. जैन, वैष्णव आणि सूफी अशा निरनिराळ्या परंपरांत त्याचे निरनिराळे पट आढळतात. महाराष्ट्रात मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वर माउलींकडे देण्याची परंपरा आहे. त्याविषयी अभ्यासकांत एकमत नसले, तरी लोकांना बोध देण्यासाठी खेळाचा उपयोग करावा असे आपल्या पूर्वजांना वाटले, ही गोष्ट पटांवरूनच सिद्ध होते. आता ह्या मोक्षपटांचा शोध मराठीत कोणी घेतला? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत ग्रंथपाल राहिलेले श्री. वा. ल. मंजुळ ह्यांनी. एका ग्रंथपालाने पोथ्यांच्या जगातून खेळ शोधून काढला! पट कोणीतरी पोथ्यांबरोबर जपून ठेवले होते म्हणूनच ते आज आपल्या हाती लागले. आपल्या मराठवाड्यातही असे काम झालेले आहे. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) पंडित हरिकृष्ण शर्मा ह्यांनी १८७१ च्या सुमारास 'क्रीडाकौशल्य' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात बुद्धिबळासह अनेक बैठ्या खेळांचे वर्णन केले. म्हणजे खेळ हा ग्रंथाचा आणि ग्रंथालयाचा विषय आहे, हे अमेरिकेकडून शिकण्याची आपणांस गरज नाही.

येथून एक गंभीर प्रश्न निघतो. कापडावरचा किंवा कागदावरचा पट पेटीत ठेवला तर दोनशे वर्षांनीही उघडून पाहता येतो. आजच्या खेळांचे तसे नाही. यंत्र बदलले, कंपनी बंद पडली किंवा तिने आपला संगणक बंद केला की खेळ नाहीसा होतो. आपल्या देशात 'पबजी' ह्या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि ३० ऑक्टोबर २०२० रोजी त्याची येथील सेवा पूर्ण थांबली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण ज्या खेळाने एका पिढीची झोप उडविली होती, त्याचा अभ्यास उद्या कोणा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला करावयाचा झाला तर तो कोठे पाहील? अमेरिकेतील एका संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की, तेथील जुन्या खेळांपैकी सत्त्याऐंशी टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. पुस्तकांच्या बाबतीत आपल्या देशाने शहाणपणा दाखविला आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालये ह्यांना विनामूल्य द्यावी लागते. खेळांसाठी असा कायदा नाही.

आणि जपण्याजोगे खेळ आपल्याकडे तयार होऊ लागले आहेत. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांच्या तावडीतून सोडविण्यासाठी निघते. देवदेवता तिच्या पाठीशी उभ्या राहतात आणि मधल्या कथा छायाबाहुल्यांच्या पद्धतीने सांगितल्या जातात. मी हा खेळ खेळलेले नाही. तो मोठ्या यंत्रावर खेळताना दुसऱ्या कोणीतरी केलेले चित्रण तेवढे पाहिले आहे. बहीण भावाला सोडवावयास निघते, हे पाहताना माझ्या मनात जे आले ते सांगण्यासाठीच खरे म्हणजे हा लेख लिहीत आहे.

२०२४ च्या आरंभी मी बारावीत होते आणि माझा भाऊ दहावीत. आम्ही दोघेही संध्याकाळी परिसरातील एका वाचनालयात अभ्यासाला जात असू. घरात एकच खोली, त्यात दूरदर्शन संच, म्हणून वाचनालयाचा आधार. भाऊ तासभर अभ्यास करी आणि मग कोपऱ्यात बसून मोबाईलवर बुद्धिबळ खेळे. कधी त्याचे दोन मित्र पाठीमागे उभे राहून चाली सुचवीत. मला त्याचा राग येई. वाचनालयाचा हा अपमान आहे, असे मला मनापासून वाटे. मी ग्रंथपालांकडे तक्रार केली. ते भले गृहस्थ. म्हणाले, "तूच एक पाटी लिही, लावून टाकू." मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले : 'वाचनालयात मोबाईलवर खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे.' पाटी लागली. माझ्या अक्षराची दोघा-चौघांनी स्तुतीही केली.

त्या दिवसापासून भाऊ वाचनालयात येईनासा झाला. त्याचे मित्रही येईनासे झाले. ती मुले रस्त्याकडेच्या एका टपरीमागे बसू लागली. तेथे त्यांच्याहून मोठी मुले होती आणि ती पैसे लावून खेळत. पुढे काय झाले ते विस्ताराने लिहीत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात हळद विकून आलेल्या पैशांतून अण्णांनी बियाण्यासाठी नऊ हजार रुपये खात्यात ठेवले होते, ते पेरणीच्या तोंडावर खात्यात नव्हते. अण्णांनी त्याला मारले नाही. ते दोन दिवस जेवले नाहीत. मी भावाला खूप बोलले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "ताई, वाचनालयात मी फुकट खेळत होतो." ह्या वाक्याला माझ्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते आणि आजही नाही. पैसे त्याने घालविले, हा दोष त्याचाच. पण खेळ आणि जुगार ह्यांतला फरक न ओळखता मी दोहोंसाठी एकच पाटी लिहिली, हा दोष माझा.

हा फरक आता कायद्यानेही मान्य केला आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर संमती झाली. ह्या कायद्याने खेळांचे तीन प्रकार केले आहेत. स्पर्धात्मक ई-क्रीडा, मनोरंजनाचे व शिक्षणाचे सामाजिक खेळ, आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ. पहिल्या दोहोंना उत्तेजन द्यावयाचे आणि तिसऱ्याला बंदी, असे त्याचे सूत्र आहे. पैशाचा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यास मात्र हा कायदा गुन्हेगार ठरवीत नाही, त्याला तो फसलेला समजतो.

पैसे न लावताही अतिरेक होऊ शकतो, हे मी नाकारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. परंतु तिची व्याख्या नीट वाचली पाहिजे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चालणे, अशी तिची लक्षणे आहेत. संध्याकाळी तासभर बुद्धिबळ खेळणारा मुलगा त्यात बसत नाही. व्यसन बहुधा एकांतात वाढते. चारचौघांत, दिव्याच्या उजेडात आणि घड्याळाकडे पाहणाऱ्या ग्रंथपालांसमोर ते वाढणे कठीण असते.

आणखी एक गोष्ट लिहिताना मला थोडा संकोच वाटतो. 'मी खेळत नाही' असे मी अभिमानाने सांगत आले. पण नीट विचार केला तेव्हा लक्षात आले की, तो माझा निर्णय कधी नव्हताच. घरातला मोबाईल भावाच्या हाती असे. पारावर वाघ-बकरी आणि नवकंकरी पुरुष मंडळी खेळत. शाळेतल्या कॅरमभोवती मुलगे असत. मुलीने धुणीभांडी आवरून अभ्यास करावा, ह्यातच तिचा दिवस संपे. पुस्तक मला मिळाले ते वाचनालयामुळे, कारण तेथे मुलगा-मुलगी हा भेद नव्हता. घरात जे परवडत नाही किंवा घर जे देत नाही, ते सर्वांना सारखे मिळावे म्हणूनच सार्वजनिक वाचनालय असते. मग खेळात जर बुद्धीला काही खाद्य असेल, तर तेही मुलींना दुसऱ्या कोठे मिळणार?

ह्यावर आक्षेप पुष्कळ येतील आणि ते खरेही आहेत. पहिला आक्षेप पैशाचा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली राज्यभर अ, ब, क, ड वर्गांची हजारो ग्रंथालये अनुदानावर चालतात. ड वर्गाच्या ग्रंथालयाला सेवकाचा पगार आणि वर्तमानपत्रांचे बिल भागविता भागविता नाकी नऊ येतात. तेथे महागडी यंत्रे घ्या, असे मी म्हटले तर ते अज्ञान ठरेल. पुस्तकांचा एक रुपयाही खेळाकडे वळवू नये, ह्या मताची मी आहे. दुसरा आक्षेप गोंगाटाचा. जो स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतो, त्याच्या कानाशी आरडाओरडा नको. तो मान्य. म्हणूनच जागा आणि वेळ वेगळी हवी. तिसरा आक्षेप असा की, खेळ आला की वाचन जाईल. एके काळी कादंबरीविषयीही आपल्या समाजात अशीच शंका होती आणि कादंबरी कशी असावी ह्यावर निबंध लिहिले जात. आज कादंबरीशिवाय वाचनालयाची कल्पना करवत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन ह्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. ग्रंथालय हे सतत वाढत जाणारे शरीर आहे, असा त्यांतील शेवटच्या सूत्राचा आशय आहे. वाढणे म्हणजे केवळ कपाटे वाढणे नव्हे, असा अर्थ मी त्यातून घेते.

मग आपल्यासारख्या ग्रामीण भागात काय करता येईल? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी अल्प खर्चात होतील. पहिली, बैठे खेळ. बुद्धिबळाचा एक संच, एक कॅरम, आणि पुठ्ठ्यावर आपणच आखलेले सारीपाट व मोक्षपट. आठवड्यातून दोन दिवस एक तास, आणि त्यांतला एक दिवस मुलींसाठी राखीव. दुसरी, वाचनालयात संगणक असेल तर त्यावर इंटरनेट न लागणारे, पैसे न मागणारे दोन-तीन चांगले खेळ ठेवावेत आणि शेजारी तो खेळ कोणी, केव्हा व कसा बनविला ह्याची एक वही ठेवावी. ज्याला खेळ आवडेल तो कदाचित वहीही वाचेल आणि त्यातून एखादा तरी उद्या स्वतः खेळ बनवील. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या आजी-आजोबांना येणारे खेळ लिहून काढणे. पट कसा आखतात, चिंचोक्यांचे दान कसे मोजतात, वाघ किती आणि बकऱ्या किती, हारणाऱ्याने काय म्हणावयाचे, हे सारे अजून त्यांच्या तोंडी आहे. ते वहीत उतरवून वाचनालयात ठेवले, तर पंडित हरिकृष्णांचे काम आपण पुढे नेले असे होईल. मी आजीपासून सुरुवात केली आहे. तिच्या पटाची आठ पाने झाली. तिने सांगावयाचे आणि मी लिहावयाचे, आणि मध्येच ती म्हणते, "लिहून काय कळंल? ये, बस, खेळ." तेव्हा मी वही बाजूला ठेवते आणि बसते. आतापर्यंत प्रत्येक डाव मी हरले आहे.

वाचकमित्रहो, व्हिडिओ गेम चांगले की वाईट, ह्या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर मजजवळ नाही. माझी मागणी लहान आहे. ती पाटी अजून तेथेच आहे आणि तिच्यावरचे अक्षर माझेच आहे. मी ग्रंथपालांना भेटून ती नव्याने लिहून देण्याची परवानगी मागितली आहे. नवा मजकूर असा : 'पैसे लावून खेळण्यास सक्त मनाई आहे. इतर खेळांची वेळ बुधवार व शनिवार, सायंकाळी पाच ते सहा.' कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत त्यावर विचार करू, असे ते म्हणाले आहेत. भावाला मी हे सांगितले. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक कोरा पुठ्ठा आणि स्केचपेन ठेवलेले होते.